अमेरिकन हायस्कूलमधला इतिहास, सरकार आणि परराष्ट्र धोरण: मराठी पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी न्यू जर्सीत एका सरकारी हायस्कूलमध्ये शिकवते. अकरावीला यूएस हिस्टरी टू, आणि बारावीच्या मुलांना सरकार आणि परराष्ट्र धोरणाचा इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत, शनिवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या बेसमेंटमधल्या वाढदिवसाला, जिथे जाईन तिथे लोक मला साधारण हेच प्रश्न विचारतात. प्रत्येक वेळी घाईघाईत अर्धवट उत्तर दिलं जातं आणि मग घरी आल्यावर वाटत राहतं की हे नीट सांगायला हवं होतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

हिस्टरी म्हणजे पाठांतरच ना? सनावळ्या घोकल्या की झालं?

नाही हो. हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि तो आपल्याकडून मुलांकडे जातो. आपण शाळेत 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा' करून आलो, उत्तर पुस्तकात असायचं, ते जसंच्या तसं उतरवलं की मार्क. इथे मुलाच्या हातात उत्तर नसतं, कागदपत्रं असतात. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स; त्यातल्या यूएस हिस्टरीच्या परीक्षेत एक निबंध असतो ज्याला सगळे डीबीक्यू (डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन) म्हणतात, त्यात सध्या 7 कागदपत्रं देतात, म्हणजे कुणाचं पत्र, एखादं व्यंगचित्र, भाषणाचा तुकडा, सरकारी अहवाल, आणि 60 मिनिटांत ती वाचून त्यांच्यावरून स्वतःचा मुद्दा मांडायचा, तो सिद्ध करायचा, वर हेही सांगायचं की हा कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला आणि त्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा. सनावळ्या लागतात, नाही असं नाही, पण भाजीत मीठ लागतं तेवढ्याच.

दर वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्या वर्गात दोन-तीन आपली मुलं असतात ज्यांना अख्खं टेक्स्टबुक पाठ असतं आणि पहिल्याच निबंधात त्यांना बी मायनस मिळतो. घरी रडारड होते, आई-बाबांचा ईमेल येतो की त्याने तर सगळं बरोबर लिहिलंय. बरोबर लिहिलंय, खरंय, पण त्याने माहिती लिहिलीय, म्हणणं काहीच मांडलेलं नाही. हे शिकायला साधारण डिसेंबर उजाडतो. तेवढा धीर धरा प्लीज, आणि मध्येच ट्यूशन लावू नका, कारण ट्यूशनवाले परत पाठांतरच करून घेतात.

अख्ख्या देशाला एकच सिलॅबस का नाही? आपल्या बोर्डासारखं काही नाही का?

नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही, आणि दहावी घटनादुरुस्ती सांगते की जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे किंवा लोकांचे. त्यामुळे काय शिकवायचं हे प्रत्येक राज्य ठरवतं आणि ते कसं शिकवायचं यातलं बरंचसं गावची निवडून आलेली शाळा समिती ठरवते. न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला दोन वर्षं अमेरिकन इतिहास कायद्यानेच लागतो. दुसऱ्या राज्यातून बदली होऊन आलेल्या कुटुंबांचा इथे हमखास गोंधळ उडतो, मुलगा अकरावीत येतो आणि कळतं की एक वर्ष कमी पडतंय. त्यामुळे घर बदलायच्या आधी कौन्सेलरला ट्रान्सक्रिप्ट दाखवून घ्या.

आणि हो, शाळा समितीच्या मीटिंगा सगळ्यांसाठी खुल्या असतात, तिथे माइकवर जाऊन बोलता येतं. आपली माणसं तिथे फार कमी दिसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

एपी घ्यावं की ऑनर्स? कॉलेजच्या ॲडमिशनला काय चांगलं?

ऑनर्स म्हणजे शाळेचाच नेहमीपेक्षा अवघड वर्ग. मुलाला वाचायला आवडत असेल तर एपी. नुसतं ॲप्लिकेशनवर दिसावं म्हणून असेल तर नको, कारण रात्री साडेअकराला डोळे चोळत वाचलेलं काही डोक्यात राहत नाही. एपी यूएस हिस्टरीत 1491 पासून आजपर्यंतचा इतिहास नऊ भागांत येतो, मे महिन्यात सव्वातीन तासांची परीक्षा असते आणि 1 ते 5 मध्ये स्कोअर मिळतो. एपी गव्हर्नमेंट त्या मानाने आटोपशीर आहे, नऊ मूळ दस्तऐवज आणि सुप्रीम कोर्टाचे चौदा निकाल नीट समजले की पाया पक्का झाला. माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्हीपैकी एकच घ्यायचं असेल तर गव्हर्नमेंट घ्या, कारण 18 वर्षांचा झाल्यावर मुलगा मत द्यायला जाणार आहे आणि बरेचदा तो घरातला पहिला मतदार असतो.

आमच्या मुलीला इंजिनियर व्हायचंय. या इतिहासाशी आपला काय संबंध? आपण तर परवा-परवा इथे आलो.

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते, घरचे थांबवतात म्हणून थांबते.

आपण परवा आलो हे खरं, पण अमेरिकेचा इतिहास आपल्या घरात त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलाय. यादवी युद्धाचंच घ्या. 1861 साली उत्तर आणि दक्षिण भिडले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, कारण तोवर इंग्लंडचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांनी वेचलेला. मग सगळे मुंबईकडे वळले. खान्देश, वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबे भराव कंपनीच्या शेअरवर लोक वेड्यासारखे पैसे लावायला लागले. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि शेअर मातीमोल झाले. त्याच काळातले मोठे कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंद, ते त्या तडाख्यात बुडाले, पण त्यांनी दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, त्यांच्या आईच्या नावाचा. आणि तिकडे दख्खनच्या शेतकऱ्याचं काय झालं? चढ्या भावाच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं होतं, भाव पडल्यावर हात आखडता घेतला, त्यात सरकारने सारा वाढवला, आणि 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली. अमेरिकेतलं युद्ध हे त्याचं एकमेव कारण नाही, पण ती साखळी खरी आहे. हे मी वर्गात नकाशा लावून शिकवते, न्यू ऑर्लिन्स, लिव्हरपूल, मुंबई, खामगाव, सुपे, असा दोरा लावत जाते. पहिल्यांदा हे शिकवलं तेव्हा माझ्या वर्गातल्या एका आफ्रिकन अमेरिकन मुलीने विचारलं, म्हणजे आमच्या लोकांची सुटका झाली आणि तुमचे शेतकरी बुडाले का? मला लगेच उत्तर देता आलं नाही. आम्ही दोन तास त्यावरच घालवले आणि त्या वर्षीचे ते सगळ्यात चांगले दोन तास होते.

दुसरं, महात्मा फुले. 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा त्यांनी ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी निग्रो दास्य संपवण्यासाठी त्याग केला होता, आणि आपल्या देशबांधवांनीही त्यापासून धडा घ्यावा अशी आशा तिथे लिहिली. तेरावी घटनादुरुस्ती 1865 ची, म्हणजे आठ वर्षांत पुण्यातला माणूस तिचा अर्थ आपल्या जातिव्यवस्थेला लावून बघतोय. पुढे 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबियाला आले, आणि 1946 मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकनांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. हे पत्र आणि ड्यू बॉइस यांचं उत्तर मी वर्गात वाचायला देते.

तिसरं एक छायाचित्र. 1885 चं, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधलं, तीन तरुण मुली आपापल्या देशाच्या पोशाखात, नऊवारीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. मी काही न सांगता हे प्रोजेक्टरवर लावते आणि विचारते, हा फोटो कधीचा, कुठला, कुणी कशासाठी काढला असेल? मुलं तर्क लढवतात. मग सांगते की आनंदीबाई 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि या देशात सगळ्या राज्यांतल्या बायकांना मताचा हक्क मिळवून देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती आली 1920 मध्ये. आणि लगेच हेही सांगते की त्यानंतरही दक्षिणेतल्या काळ्या बायकांना मत द्यायला 1965 च्या मतदान हक्क कायद्याची वाट बघावी लागली. वर्ग शांत होतो.

तुमची मुलगी इंजिनियर होऊ दे, पण ती भगतसिंग थिंदचा खटला न वाचता या देशात मोठी होऊ नये असं मला मनापासून वाटतं. थिंद पंजाबातून आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा गणवेश घातलेला माणूस. तेव्हा नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना मिळायचं. 1922 मध्ये सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन, तू नाहीस. थिंद म्हणाला, तुमचेच शास्त्रज्ञ मला कॉकेशियन म्हणतात. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1923 मध्ये, त्याच न्यायमूर्तींनी लिहिलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल शेजारी-शेजारी ठेवून वाचायला दिले की मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही. त्यानंतर ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं अशा भारतीयांचंही ते काढून घ्यायला लागले. थिंदचे वकील सखाराम गणेश पंडित, त्यांच्यावरही खटला भरला, तो ते स्वतः लढले आणि 1926 मध्ये जिंकले. भारतीयांना परत हक्क मिळाला 1946 मध्ये, आणि तोही वर्षाला 100 जणांच्या कोट्यासकट. आपण आज जे इथे आहोत ते 1965 च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, आणि तो कायदा ज्या काळात आला तो काळ काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीने घडवला होता. हे माहीत नसेल तर मुलांना वाटतं की आपण नुसते हुशार म्हणून आलो.

यादवी युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं, राज्यांच्या हक्कांसाठी होतं असं आमचे शेजारी म्हणतात. खरं काय?

याचं उत्तर फुटून निघालेल्या राज्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मिसिसिपी, साऊथ कॅरोलिना, जॉर्जिया, टेक्सास यांनी आपण का फुटतोय याची जाहीर निवेदनं काढली, ती आजही उपलब्ध आहेत आणि त्यांत गुलामगिरी पानोपानी आहे. दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च 1861 मध्ये सव्हाना इथे भाषण केलं आणि आमच्या सरकारची कोनशिला गुलामगिरीच आहे असं सांगितलं. 'राज्यांचे हक्क' हे कारण युद्ध हरल्यानंतर जास्त पुढे आलं. शेजाऱ्यांशी भांडू नका, ते कागद एकत्र बसून वाचा.

हे सगळं काळं-काळंच शिकवलं तर मुलांना देशाचा तिरस्कार नाही का वाटणार?

मला एका पालकांनी कॉन्फरन्समध्ये अगदी कळवळून हे विचारलं होतं आणि प्रश्न प्रामाणिक आहे. माझा अनुभव उलटा आहे. 1942 मध्ये अध्यक्षांच्या एका हुकमाने साधारण 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचलून छावण्यांत ठेवलं, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक होते, आणि 1944 मध्ये सुप्रीम कोर्टाने कोरेमात्सु खटल्यात ते चालवून घेतलं. हे शिकवते. पण तिथे थांबत नाही. त्या निकालात तीन न्यायमूर्तींनी विरोधात काय लिहिलं तेही वाचतो, आणि 1988 मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले तेही वाचतो. चूक, चुकीला विरोध, मग उशिरा का होईना कबुली, हे तिन्ही दिसलं की मुलांना देशाबद्दल तिरस्कार वाटत नाही, जबाबदारी वाटते. फक्त चूक लपवून ठेवली आणि ती त्यांना पुढे कॉलेजात कळली तर मात्र ती आपल्यावर चिडतात, आणि ते बरोबरच आहे.

सकाळी झेंड्याकडे बघून प्लेज (देशनिष्ठेची प्रतिज्ञा) म्हणावीच लागते का? आमचा मुलगा अजून भारतीय नागरिक आहे.

म्हणावी लागत नाही. 1943 च्या बार्नेट खटल्यात सुप्रीम कोर्टाने, ऐन महायुद्धात, सांगितलं की सरकारी शाळा कुणालाही झेंड्याला सलाम करायची सक्ती करू शकत नाही. शांत राहायचं आणि बाकीच्यांना त्रास द्यायचा नाही, एवढंच. म्हणायची असेल तर आनंदाने म्हणू दे. हा निकाल मी पहिल्याच आठवड्यात शिकवते आणि त्याच्या पाठोपाठ 1969 चा टिंकर खटला. मेरी बेथ टिंकर 13 वर्षांची होती, व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून काळी फीत बांधून शाळेत गेली, शाळेने घरी पाठवलं, आणि शेवटी ती जिंकली. तेरा वर्षांची मुलगी जिंकली हे ऐकून मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सरळ बसतात.

आम्हाला इथली सरकारची पद्धतच कळत नाही. थोडक्यात सांगाल?

आपल्या डोक्यात संसदीय पद्धत असते, तिथेच घोटाळा होतो. भारतात बहुमत ज्याच्याकडे तोच पंतप्रधान, त्यामुळे सरकारचं बजेट लोकसभेत पडलं तर सरकारच पडतं. इथे अध्यक्ष वेगळा निवडून येतो, 435 चं हाऊस वेगळं, 100 चं सेनेट वेगळं, आणि त्यांचं जमलं नाही तरी कुणीच पडत नाही, सगळे खुर्चीवर राहतात आणि कामकाज बंद पडतं, त्यालाच शटडाऊन म्हणतात. घटना लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं, एकाची सत्ता दुसऱ्याने अडवावी म्हणून. जेम्स मॅडिसनचा फेडरलिस्ट 51 हा निबंध वाचा, चार-पाच पानांचा आहे.

इलेक्टोरल कॉलेजबद्दल, म्हणजे अध्यक्ष निवडायच्या पद्धतीबद्दल, तर प्रत्येक जण विचारतो. एकूण 538 मतं, जिंकायला 270. राज्यागणिक मतं मोजली जातात म्हणून देशभरात जास्त मतं मिळूनही उमेदवार हरू शकतो, 2000 मध्ये आणि 2016 मध्ये तसंच झालं. ही पद्धत योग्य की अयोग्य यावर माझ्या वर्गात दर वर्षी वाद होतो आणि मी मुलांना आपल्या आवडत्या बाजूच्या विरुद्ध बाजू मांडायला लावते.

सिव्हिक्स फार बोअर होतं म्हणतो आमचा. काही करता येईल का?

त्याला सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीची गोष्ट सांगा. काँग्रेसने स्वतःचा पगार वाढवला तर ती वाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावी अशी ही दुरुस्ती, 1789 मध्ये मांडलेली आणि मग धूळ खात पडलेली. 1982 मध्ये टेक्सासच्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने पेपर लिहिला की ही अजून मंजूर होऊ शकते. त्याला सी मिळाला. मग तो राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहीत बसला, दहा वर्षं, आणि 1992 मध्ये ती मंजूर झाली, मांडल्यानंतर 200 हून जास्त वर्षांनी. 2017 मध्ये विद्यापीठाने त्याचा ग्रेड बदलून ए केला. आणि आयसिव्हिक्स म्हणून फुकट गेम आहेत, सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी सुरू केलेले, मधल्या शाळेतल्या भावंडांनाही आवडतात.

परराष्ट्र धोरण हायस्कूलच्या मुलांना झेपतं का? ते कसं शिकवता?

झेपतं, फक्त 'अमेरिकेने काय केलं' असं न शिकवता 'कुणी ठरवलं, त्यांच्या समोर अजून कोणते पर्याय होते' असं शिकवावं लागतं. माझ्या इलेक्टिव्हची सुरुवात एका प्रश्नाने होते: अमेरिकेने शेवटचं युद्ध अधिकृतपणे कधी जाहीर केलं? मुलं म्हणतात इराक, अफगाणिस्तान, व्हिएतनाम. उत्तर आहे जून 1942, बल्गेरिया, हंगेरी आणि रोमानियाविरुद्ध. घटनेप्रमाणे युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा, आणि त्यानंतर कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, दोन्ही आखाती युद्धं झाली, एकदाही रीतसर घोषणा नाही. मग आपण 1964 चा टोंकिनच्या आखाताचा ठराव वाचतो, ज्याने अध्यक्षांना व्हिएतनाममध्ये सैन्य वापरायची मोकळीक दिली, मग 1973 चा कायदा जो काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार डावलून केला, की सैन्य पाठवलं तर अध्यक्षांनी 48 तासांत कळवायचं आणि परवानगी नसेल तर 60 दिवसांनी आवरायला घ्यायचं. तो कायदा कितपत चालला हे मुलं स्वतः शोधतात.

क्युबाच्या क्षेपणास्त्र पेचाला मी आठवडा देते. ऑक्टोबर 1962 चे तेरा दिवस, सोव्हिएत रशियाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणली तेव्हाचे. वर्गात टेबलं जोडून मुलं केनेडींचे सल्लागार होतात, बॉम्ब टाका, नाकेबंदी करा, वाटाघाटी करा. त्या बैठकांच्या टेप आहेत, मुलं खऱ्या लोकांचे आवाज ऐकतात, त्यांच्या बोलण्यातली भीती ऐकतात. शेवटी सांगते की तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढायचं आश्वासन रशियाला गुपचूप दिलं होतं आणि लोकांना ते बरीच वर्षं माहीत नव्हतं, तेव्हा मुलं अक्षरशः ओरडतात की मग आम्हाला आधी का नाही सांगितलं.

आणि 1971 चं भारत-पाकिस्तान युद्ध. हे मी घातलं, टेक्स्टबुकात एखादी ओळ असते नसते. माझे बाबा तेव्हा मुंबईत शाळेत होते, खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले त्यांना आठवतात. त्याच डिसेंबरात अमेरिकेचं एंटरप्राइझ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात आलं. पण मी फक्त तेवढं सांगितलं तर तो आपला राग झाला, शिकवणं झालं नाही. म्हणून एप्रिल 1971 ची तार वाचायला देते, ढाक्यातले अमेरिकन राजनैतिक अधिकारी आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच सरकारला पाठवलेली, की पूर्व पाकिस्तानात जे चाललंय त्यावर आपण गप्प राहणं चूक आहे. त्यांना पदावरून परत बोलावून घेतलं. त्याच्या शेजारी निक्सन-किसिंजर यांची संभाषणं आणि चीनशी गुप्त बोलणी पाकिस्तानमार्फत चालू होती ती कागदपत्रं. हे सगळं परराष्ट्र खात्याच्याच अधिकृत खंडांत छापलेलं आहे, ही मालिका 1861 पासून, लिंकनच्या काळापासून निघतेय, आणि ऑनलाइन फुकट आहे. स्वतःच्या सरकारला लाज आणतील असे कागद सरकारच छापतं, ही गोष्ट मला या देशाची फार मोलाची वाटते.

मदतीचं राजकारण शिकवायला पीएल 480. 1954 चा कायदा, जास्तीचं धान्य परदेशात द्यायचा. साठच्या दशकात दुष्काळात भारताला गहू लागला तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी तो थोडा थोडा, हात राखून सोडला, शेतीचं धोरण बदला आणि व्हिएतनामवर टीका कमी करा म्हणून. आजीकडे रेशनच्या लाल गव्हाच्या पोळ्यांची गोष्ट असेल तर मुलांना फोनवर विचारायला लावा, तोंडी इतिहासाचा प्रोजेक्ट आयता तयार.

तुम्ही वर्गात स्वतःचं राजकीय मत सांगता का?

नाही. मुलं वर्षभर ओळखायचा प्रयत्न करतात आणि निम्म्यांना वाटतं मी एका पक्षाची, निम्म्यांना दुसऱ्या. पण ज्या गोष्टी ठरलेल्या आहेत त्या मी 'दोन बाजू' करून मांडत नाही. गुलामगिरी वाईट होती का यावर डिबेट होत नाही. कर किती असावेत, सैन्य कुठे पाठवावं, यावर होते. काही राज्यांत 2021 पासून वंश वगैरे विषय कसे शिकवायचे यावर कायदे झालेत, तिथल्या मैत्रिणी प्रत्येक हँडआउट दहा वेळा तपासून देतात. वर्गात युक्रेन, गाझा निघालं की माझा एकच नियम, आधी कागद, मग मत. आणि ज्या मुलाचं कुटुंब तिथे आहे त्याला कधीच अख्ख्या देशाचा वकील करून उभं करायचं नाही, आपल्या मुलांनाही काश्मीरवरून कुणी तसं केलेलं मला चालत नाही.

निबंध एआयकडून लिहून घेतला तर कळतं का?

बहुतेकदा कळतं, कारण त्यात कागदपत्राचं नाव असतं पण त्यातलं वाक्य नसतं. मी आता निम्मं लिखाण वर्गात, हाताने करून घेते.

मी भारतात इतिहासात एमए केलंय. इथे शिक्षक होता येईल का?

होता येईल, मी झालेय. राज्याचं सर्टिफिकेट लागतं. न्यू जर्सीत 'सोशल स्टडीज'चं एकच सर्टिफिकेट असतं, त्यात इतिहास, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल सगळं येतं. पदवीचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यायचं, विषयाचे 30 क्रेडिट बसतात का बघायचं, प्रॅक्सिसची विषयाची परीक्षा द्यायची, आणि कॉलेजमधून शिक्षक-प्रशिक्षण करायचं किंवा नोकरी करता करता होणारा आल्टरनेट रूट घ्यायचा. मूल्यांकनात माझे दोन पेपर 'इतिहास' मध्ये धरलेच नाहीत आणि मला कम्युनिटी कॉलेजात दोन कोर्स करावे लागले, तेव्हा फार राग आला होता, पण त्यातल्या यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळावरच्या कोर्सने मला सगळ्यात जास्त शिकवलं. उच्चारांची भीती बाळगू नका. आधी एक वर्ष सबस्टिट्यूट (बदली शिक्षक) म्हणून जा, मुलांचा अंदाज येतो.

सिटिझनशिपच्या परीक्षेला मुलांची मदत होते का?

खूप. 20 ऑक्टोबर 2025 ला किंवा त्यानंतर अर्ज केला असेल तर 128 प्रश्नांच्या यादीतून 20 पर्यंत विचारतात, 12 बरोबर यावे लागतात. जेवणाच्या टेबलावर मुलांनी आई-बाबांना विचारायचे, रोज पाच.

उन्हाळ्यात आजी-आजोबा येतात, नायगाऱ्याशिवाय कुठे न्यावं?

फिलाडेल्फियाला इंडिपेंडन्स हॉल, जिथे 1776 चा जाहीरनामा आणि 1787 ची घटना दोन्ही झाले, वेळेचं तिकीट आधी काढून ठेवा. न्यूयॉर्कला एलिस आयलंड, आणि कोलंबिया विद्यापीठात लेहमन लायब्ररीत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, जायच्या आधी आत सोडतात का विचारून घ्या. आणि एक दिवस हडसनच्या काठाने वर पोकिप्सीला (Poughkeepsie) जा. तिथल्या दफनभूमीत, आनंदीबाईंना अमेरिकेत आपल्या घरी आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या अस्थी आहेत, 1887 मध्ये पुण्यात त्या गेल्यावर गोपाळरावांनी इथे पाठवलेल्या. मी माझ्या आईला घेऊन गेले होते. जाताना फुलं घेऊन जा, जवळपास दुकान पटकन सापडत नाही.